बीएचं घर

ठरलं ते असं, की संस्थेच्या बाई दुपारी येतील तेव्हा बीए घरात असायचा नाही.

हे ठरवायला अर्धी सकाळ गेली, कारण जे बोलायचं ते प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत सगळे जमले होते. धाकटा इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून एकाच शर्टाची एकच बाही पुन्हा पुन्हा दाबत होता. त्याची बायको त्याला डोळ्यांनी ढोसत होती. त्यांची मुलगी ठकी, जिच्यापायी हा सगळा घोळ चालला होता, टांगलेल्या कोटांच्या आड उभी राहून नखं खात होती. आणि थोरली, म्हणजे बीएची बायको, कुणाच्या तरी कोटाला बटण लावत बसली होती. मान खाली, कान वर.

"दादा," धाकटा एकदाचा म्हणाला, "त्या बाई आज येणार आहेत."

"माहीत आहे."

"त्यांचा नियम तुला ठकीने वाचून दाखवलाय."

"घरात कोणी पदवीधर नसावा," बीए म्हणाला. "पाठ झालाय मला."

"मग म्हणजे... तू असा समोर बसलेला असलास..."

"आणि त्यांनी विचारलं, तर पंचाईत," धाकटीने वाक्य पुरं केलं. नवऱ्याच्या घशात अडकलेलं वाक्य ओढून बाहेर काढायचं काम ती लग्न झाल्यापासून करत आलेली आहे. "भाऊजी, राग मानू नका. त्या येऊन जाईपर्यंतचाच प्रश्न आहे. आम्ही सांगू, घरात सगळे शाळेपर्यंतच शिकलेत."

थोरलीने दातांनी दोरा तोडला. "का? पदवी म्हणजे काय चोरीचा माल आहे, कोणी आलं की माळ्यावर टाकायला?"

"तसं नाही ताई..."

"मग कसं? गल्लीत ह्या घराला मान कोणामुळे होता इतकी वर्षं? तेव्हा चालला बीए. आज अडचण झाली त्याची."

"मानावर कॉलेजची फी भरून घेत नाहीत, ताई."

"ऐकलंत? ऐकलंत का ही कशी बोलते?" थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं.

बीएने ऐकलं होतं. धाकटी चुकीचं काही बोलत नव्हती, हेही त्याला दिसत होतं. ठकीला रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला होता, दूरच्या शहरात, चांगल्या कॉलेजात. डाग कशाने जातो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, का जातो हे विचारणारी ती पहिलीच. फी सोमवारी भरायची होती आणि लॉन्ड्रीची दशा तर समोरच टांगलेली होती. घरोघरी धुण्याची यंत्रं आली, मग हॉटेलवाल्याने चादरींचं काम काढून घेतलं, आणि कर्ज देणाऱ्यांनी दारातूनच हात जोडले. राहिली ही संस्थेची शिष्यवृत्ती. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह, दोन्ही. फक्त मूल पदवीधरांच्या घरातलं नको. "घरातली पहिली" असंच तिचं नाव होतं.

"मी जातो समोर सलूनमध्ये," बीए म्हणाला. "दाढी करायचीच आहे. आत्ताच जाऊन बसतो, म्हणजे तुम्हाला घोर नको."

कोटांच्या आडून ठकी बाहेर आली. "काका, सॉरी."

"अगं, सॉरी कसली? म्हाताऱ्याला घराबाहेर काढायला तुम्हाला निमित्त मिळालं, एवढंच." तो हसला. त्याच्या विनोदावर ठकी नेहमी हसायची. आज तिचे डोळे भरले.

रस्ता ओलांडताना बीएच्या मनात आलं की आपल्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटतंय ते हलकं. गोष्ट अशी होती की तो बीए नव्हता. पहिल्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच तो नापास झाला होता. नापास झाल्यावर त्याला मिळत असलेली मदत थांबली. फेरविचारासाठी अर्ज करता येत होता, त्याची वेगळी खिडकी होती. तो त्या खिडकीशी जाऊन उभा राहिला, पुढच्याचा नंबर लागेपर्यंत उभा राहिला, आणि आपला नंबर आल्यावर रांगेतून बाहेर पडला. काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही. मग एका गोदामात खोकी बांधत त्याने पदवीची वर्षं काढली. धाकटा इस्त्री करून जे पाठवायचा, ते खोलीच्या भाड्यात जायचं. परत आला तेव्हा ट्रंक उचलायला धाकटाच आला होता. "झालास ना रे बीए?" त्याने विचारलं, आणि ह्याने मान हलवली. तोंडाने तो काही खोटं बोललाही नाही. पुढचं सगळं गल्लीने केलं.

कागद कोणी मागितला नाही. एक-दोघांनी चौकशी केली, तेवढ्यात बॉयलर फुटून मागची खोली जळाली. सगळं घर रडत होतं तेव्हा बीएच्या छातीवरचा धोंडा खाली उतरला होता. पदवी त्यातच गेली, असं त्याने सांगितलं.

आजही तो सांगू शकला असता. पण सांगायची गरज काय, असं त्याने स्वतःला समजावलं. घरचे खोटं म्हणून जे सांगणार होते, ते खरंच होतं. कोणाचं नुकसान नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या घरचं खोटं आणि त्याचं खरं एका रांगेत आलं होतं.

सलूनवाल्याने त्याच्या तोंडाला फेस फासला आणि वस्तरा पुसायला घेतला, तेवढ्यात दारात एक बाई येऊन थांबल्या. चालून दमलेल्या, खांद्याला जड पिशवी.

"इथे लॉन्ड्री कुठे आली हो?"

"कोणती? बीएची?"

"बीएची म्हणजे?"

"अहो, हे काय, बीए इथेच बसलेत!" सलूनवाल्याने गिऱ्हाइकाची खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "आमच्या गल्लीत कॉलेजची पायरी चढलेला हा एकच माणूस. बाकी आम्ही सगळे असेच."

बाई हसल्या. "हो का? कशात केलंत?"

"इतिहासात," बीए फेसातून म्हणाला.

ह्या प्रश्नाला त्याचं हे उत्तर शिंकेसारखं आपोआप यायचं. त्यात विचार नव्हता, लबाडीही नव्हती, इतकी सवय झालेली होती.

"अरे वा. माझाही इतिहासच," बाई म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडायला वळल्या. वळताना पिशवीतून फाइल डोकावली. तिच्यावर संस्थेचं नाव छापलेलं होतं. दुपारच्या बाई सकाळीच आल्या होत्या.

"हलू नका बीए, कापेल," सलूनवाला म्हणाला.

इकडे धाकटीची तारांबळ उडाली. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून तिने बाईंना बसायला दिलं, पाणी दिलं, ठकीला पुढे ढकललं. बाई चांगल्या वाटल्या. आधीच्या घराला कुलूप होतं म्हणून लवकर आले, असं त्यांनी सांगितलं आणि वर माफीही मागितली. धाकटीला बरं वाटलं. माफी मागणारा माणूस आपल्याला बुडवणार नाही, असं तिचं गणित.

बाईंनी ठकीला विचारलं, रसायनशास्त्रच का. ठकी आधी अडखळली, मग शाईच्या डागावर सुरू झाली ती थांबेना. बाई लिहायचं सोडून ऐकत राहिल्या. पोरगी जिंकली, धाकटीने मनात म्हटलं.

"घरात आणखी कोण कोण असतं?"

"ह्यांचे थोरले भाऊ आणि जाऊबाई. ह्या आमच्या जाऊबाई."

"त्यांचं शिक्षण?"

धाकट्याने इस्त्री उभी केली. "शाळेपर्यंतच," तो म्हणाला. "आमच्यात कॉलेज कोणी पाहिलेलं नाही." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसा, जरा मोठ्यानेच.

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नुसत्याच दमलेल्या दिसल्या.

"मी आत्ता समोर पत्ता विचारला. बीएचं घर, असं म्हणाले. बीएंची भेटही झाली."

धाकट्याने वळून बायकोकडे पाहिलं.

"ते हो काय!" धाकटी हसायला लागली. "ते टोपणनाव आहे. गल्लीतली गंमत. उंच माणसाला बुटका म्हणतात ना, तसलं. बीए कसले आलेत, बाई, खरंच नाहीत ते बीए."

"गंमत?" थोरली उठून उभी राहिली.

तिचं चुकलं, असं घरात पुढे सगळेच म्हणाले. पण तिच्या जागी बसून बघायला हवं. वडिलांनी तिच्यापुढे दोन स्थळं ठेवली होती. एकाचं स्वतःचं दुकान होतं, पक्क्या छताचं. दुसरा लॉन्ड्रीवाल्याचा मुलगा, पण शिकलेला. तिने शिकलेला निवडला, आणि मग उरलेलं आयुष्य परक्यांच्या कॉलरी घासण्यात काढलं. ह्या निवडीतलं तिच्या हातात काय उरलं होतं, तर दोन अक्षरं. सकाळपासून ती गप्प बसली होती. पण परक्या बाईसमोर आपली जाऊ त्यावर फिदीफिदी हसते, हे तिच्याच्याने ऐकवेना.

"माझे यजमान पदवीधर आहेत," ती म्हणाली. "आणि ती गंमत नाही."

"ताई!" धाकटी ओरडली.

बाईंनी फाइल मिटली. "घरात पदवीधर आहेत, हे सरळ सांगितलं असतंत तर दुसरीकडचं काहीतरी सुचवलं असतं. पण खोटी माहिती दिली असं मला लिहावं लागलं, तर सगळ्याच संस्था दारं लावतात. मला खरंच वाईट वाटतंय."

बीए आत आला तेव्हा त्याचा एक गाल साफ होता आणि दुसऱ्यावर फेस वाळला होता. गळ्यात सलूनचा टॉवेल तसाच. एरवी कोणी तरी हसलं असतं.

"मी बीए नाही," तो म्हणाला.

बाईंनी फाइल पिशवीत घातली.

"बाई, मी पहिल्याच सहामाहीत नापास झालो. मदत बंद झाली. पुढे मी गोदामात होतो. परीक्षेला पुन्हा बसलोच नाही. ह्यांनी तुम्हाला सांगितलं ते खरं आहे. ह्यांना ते खरं आहे हे माहीत नव्हतं, एवढंच."

"आत्ता तुम्ही मला विषय सांगितलात," बाई म्हणाल्या.

"सांगितला."

"मग मी कुठलं खरं धरू?"

धाकटा टेबलामागून पुढे आला आणि त्याने भावाचा दंड धरला. त्याचे डोळे डबडबले होते. "दादा, नको. पोरीसाठी एवढा खाली उतरू नकोस. नाही मिळाली तर नाही मिळाली. पण तू स्वतःच्या तोंडाने स्वतःला पुसू नकोस रे."

"अरे, मी खरं सांगतोय."

"कळतंय मला तू का सांगतोयस."

बीएने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत होती, आणि खोलीत तिला एकटीलाच ते पटलेलं होतं. नवऱ्याला खोटं सांगताना तिने आयुष्यभर पाहिलं होतं, फक्त ते खोटं होतं हे तिला आता कळलं. आज त्याचा चेहरा निराळा होता. ती खाली बसली आणि तिने कोट पुन्हा मांडीवर ओढला, पण सुई हातात घेतली नाही.

बाई निघाल्या. त्यांना थांबवायला कोणी उठलं नाही.

ठकी धावली. गल्लीच्या तोंडाशी तिने बाईंना गाठलं आणि त्यांच्या पिशवीचा पट्टा धरला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुझे काका खरं बोलत होते. अर्धी दाढी टाकून माणूस खोटं बोलायला येत नाही."

"मग?"

"मग काय? मी काय लिहू, गल्लीत बीए, घरात नापास?" त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "ऐक. ते खरोखर पदवीधर नसतील, तर तुझे वडील माझ्याशी खोटं बोललेच नाहीत, हो ना? मी फाइल सोमवारी सकाळी देते. त्याआधी कॉलेजकडून लिहून आणा, की ह्या माणसाला पदवी दिलेली नाही. त्यांना स्वतःला जावं लागेल, सही करावी लागेल. तेवढं आलं तर मी माझं पान फाडून नवीन लिहीन."

"आणि नाही आलं तर? पुढच्या वर्षी?"

"ही यंदा शाळा संपवलेल्यांसाठीच असते गं," बाई म्हणाल्या. "जा, पळ."

ठकी खरंच पळाली. घरात शिरताना तिचा श्वास पुरत नव्हता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आधी शेवट, मग सुरुवात. "आज शुक्रवार. संध्याकाळची बस मिळाली तर काका उद्या सकाळी तिथे. शनिवारी कचेरी उघडी असते. बाबा, आपण खोटं बोललोच नाही असं होतं! आपण खरंच बोललो होतो!"

धाकटी तेवढ्यात पिशवी काढून त्यात टॉवेल टाकत होती. "भाऊजी, दोन शर्ट देते. थंडी असेल तिकडे." सकाळचं भांडण तिने केव्हाच खुंटीला टांगलं होतं.

"मी जातो," बीए म्हणाला. "त्या खिडकीशी एकदा जायचं राहिलंच आहे."

सगळे थोरलीकडे बघायला लागले. अडवलं तर तीच अडवील.

"जा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणा लिहून. शिक्का मारून आणा. पदवीचा कागद तर कधी बघायला मिळाला नाही, हा तरी बघू."

धाकटीने पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. थोरलीने तो झटकला नाही. घरात कित्येक वर्षांत ह्या दोघी एका बाजूला आल्या नव्हत्या.

"कोणी कुठे जायचं नाही," धाकटा म्हणाला.

तो इस्त्रीच्या टेबलामागे जाऊन उभा होता. पुढ्यात तोच शर्ट.

"अहो, असं काय करता?" धाकटी म्हणाली. "ऐकलंत ना?"

"दादा बीए आहे."

"नाही रे," बीए म्हणाला. "मी तुला सांगतोय ना."

"तू गप्प बस." आयुष्यात तो भावाशी असा बोलला नव्हता. मग त्याचा आवाज खाली आला. "मी लहान होतो. वर्गात पहिला नव्हतो, पण वाईटही नव्हतो. वडील म्हणाले, दोघांना शिकवणं झेपणार नाही, एकाने इस्त्री धरावी. मी म्हणालो, दादाला जाऊ दे. मी म्हणालो ते. मला कोणी ढकललं नव्हतं. इथे उभं राहून पाय सुजायचे, तेव्हा मी म्हणायचो, तिकडे दादा बीए होतोय. लोक तुला बीए म्हणाले की मला वाटायचं, त्यातलं एक अक्षर माझं आहे. तू तो कागद आणलास, तर माझ्या हातात काय राहतं सांग."

"ठकी राहते," धाकटी म्हणाली.

"ठकीला मी शिकवीन. दिवसरात्र इस्त्री करीन."

"कुठल्या कपड्यांची?"

रिकामे हँगर सगळ्यांना दिसत होते. त्याने मुलीकडे पाहिलं, आणि मग त्याला तिच्याकडे बघवेना.

"पोरी," तो शर्टाकडे बघत म्हणाला, "दुसरं काहीही माग."

आता जे काय ते ठकीच्या हातात आलं होतं, आणि हे सगळ्यांना एकदमच कळलं. बीए पिशवी घेऊन दारात उभा होता. तिने नुसतं जा म्हटलं असतं, तर भावाचं न ऐकता तो गेला असता. आई तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती, म्हण, म्हण. बाप रडत होता. ठकीने त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता आणि शर्ट गिऱ्हाइकाचा होता.

ठकीला कॉलेजचा जिना दिसत होता. तो तिने फक्त माहितीपत्रकातल्या फोटोत पाहिला होता.

"राहू दे, काका," ती म्हणाली.

तिला कोणी ढकललं नव्हतं.